सही, टोपी आणि पैठणीची उलटी बाजू

माणूस काय जमवील याचा नेम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, तर कोणी काडेपेट्यांवरची चित्रे. आमच्या येवल्यात आजीची पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवणारी घरे आहेत, आणि संक्रांत सरली की पतंगाची आसारी माळ्यावर जपून ठेवणारीही आहेत. परंतु खेळाडूंच्या सह्या आणि त्यांच्या अंगाखांद्यावरच्या वस्तू जमविणाऱ्यांची जात या सर्वांहून न्यारी!

हा छंद वाढून केवढा होतो ते पाहायचे तर अमेरिकेकडे वळावे. तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता, लांबट चेंडू छातीशी धरून धावायचे आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचे, असा तो दांडगाईचा खेळ. टॉम ब्रॅडी हा त्यातला तेंडुलकर म्हणा ना! २०१७ च्या फेब्रुवारीत त्याने अंतिम सामना जिंकला आणि त्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीतून त्याचा सदरा नाहीसा झाला. पोलिसांनी माग काढीत काढीत तो पकडला थेट मेक्सिकोत. पुढे ब्रॅडीने निवृत्ती जाहीर केली. २०२२ च्या मार्चमध्ये त्याच्या 'शेवटच्या' यशस्वी फेकीचा चेंडू लिलावात ५ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. अन् दुसऱ्याच दिवशी ब्रॅडीसाहेबांनी सांगितले, निवृत्ती रद्द, मी पुन्हा खेळणार! झाले, चेंडू शेवटचा राहिला नाही. अखेर तो सौदाच मोडला. चामडे तेच, शिवण तीच. पण त्याची गोष्ट एका रात्रीत बदलली होती.

जेथे एवढा पैसा तेथे लबाडी आलीच. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात अमेरिकन सरकारच्या गुप्तचरांनी खोट्या सह्यांचा एक मोठा कारखानाच उघडकीस आणला. जप्त झालेल्या मालात काय सापडावे? मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलचे चेंडू! कलकत्त्याच्या त्या माउलीने चेंडूवर सही कधी आणि का केली असेल, हा प्रश्न गिऱ्हाइकांपैकी कोणाला पडला नाही, याचे मला त्या लबाडांच्या धैर्यापेक्षाही अधिक नवल वाटते.

खरी सही ओळखावी कशी? जाणकार सांगतात की नक्कल करणारा सही 'काढतो', लिहीत नाही. त्याची लेखणी सावकाश चालते, अक्षरावरचा दाब सगळीकडे सारखा पडतो आणि वळणावर हात किंचित थबकतो. खेळाडूची सही घाईची असते. कोठे गडद, कोठे फिकी. येवल्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पैठणी दाखवली की तो आधी पदर उलटून बघतो. हातमागावरच्या अस्सल पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. उलट्या बाजूस धागे लोंबत असले की समजावे, काम निराळे आहे. सहीचीही उलटी बाजू असते. ती कोणी, कोणाला, कोठे आणि कधी दिली, ही ती बाजू. तेवढे पक्के असेल तर अक्षर थोडे पुसट झाले तरी चालते.

विजय मर्चंट यांच्या भगिनी लक्ष्मीबेन यांच्या स्वाक्षरीच्या वहीची हकीकत क्रिकेटवेड्यांना ठाऊक असेल. १९३३-३४ साली डग्लस जार्डिनचा इंग्लिश संघ हिंदुस्थानात आला होता. त्यातील सोळा खेळाडूंच्या सह्या त्या वहीच्या एका पानावर होत्या. पुढे वही गांधीजींपुढे गेली, तेव्हा त्यांनी पाने चाळीत नेमके हेच पान काढले आणि सतराव्या जागी आपली सही ठोकून दिली! साहेबांच्या संघात न खेळता भरती झालेला हा एकटाच गडी.

पण मला आज सांगायची आहे ती आपल्या रंगा सोहोनींची गोष्ट. प्रा. दि. ब. देवधरांच्या ज्या महाराष्ट्र संघाने १९४०-४१ साली रणजी करंडक जिंकला, त्यातले हे वेगवान गोलंदाज आणि खंबीर फलंदाज. १९४६ साली मँचेस्टरच्या कसोटीत आपले नऊ गडी बाद झाले असता शेवटची तेरा मिनिटे हिंदळेकर आणि सोहोनी या जोडीने काढली आणि पराभव टाळला. १९४७-४८ साली लाला अमरनाथांच्या संघातून ते ऑस्ट्रेलियास गेले. ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत ब्रॅडमनने १८५ धावा कुटल्या आणि ओल्या खेळपट्टीवर आपला संघ ५८ व ९८ धावांत गारद झाला. सोहोनी त्या सामन्यात होते. त्या मालिकेतली आपली हिरवी टोपी ब्रॅडमनने या मराठी गड्याला भेट दिली. तेव्हा ऑस्ट्रेलियन खेळाडूंना दर मालिकेला नवी टोपी मिळत असे. आजच्यासारखी एकच टोपी जन्मभर वागवीत नसत. म्हणून तर अशी भेट देता येई. टोपीच्या आत ब्रॅडमनबरोबर सोहोनींचेही नाव आहे.

सोहोनी १९९३ साली ठाण्यास वारले. टोपी घराण्यातच राहिली, तीही कुलपात. पंचाहत्तर वर्षे तिचे कोठे प्रदर्शन नाही की गाजावाजा नाही. घरातले मूल सोळा वर्षांचे झाले की त्याला ती दाखवायची, अन् तीही फक्त पाच मिनिटे! २०२६ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात तिचा लिलाव झाला आणि ४,६०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आले. शेन वॉर्नच्या टोपीला २०२० साली याच्या दुपटीहून जास्त, दहा लाखांवर डॉलर मिळाले होते. ती रक्कम तिकडच्या वणव्यातील आपद्ग्रस्तांसाठी होती.

विकली म्हणून हळहळणारे हळहळोत. माझे मत निराळे आहे. तीन पिढ्या जिने कुलपात काढल्या तिचा धागा कोठे तुटला नाही, हे त्या घराचे मोठेच काम. मात्र कुलपापेक्षा काचेचे कपाट मला अधिक पसंत. पुण्याच्या सहकारनगरात रोहन पाटे या तरुण क्रिकेटपटूने 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' नावाचे क्रिकेटचे संग्रहालय उभे केले. २०१२ साली सचिन तेंडुलकरांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सह्या केलेल्या, सामन्यांत वापरलेल्या बॅटी तेथे बघायला मिळतात. २०२० साली करोनाच्या मदतीसाठी पाकिस्तानच्या अझर अलीने आपली एक बॅट लिलावात काढली. दुबईत वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ३०२ धावा काढल्या त्या सामन्यातली ही बॅट. दहा लाख पाकिस्तानी रुपये मोजून ती घेतली कोणी? पुण्याच्या या संग्रहालयाने! दोन्ही देशांचे संघ एकमेकांच्या अंगणात मालिका खेळायला जाईनात, त्या दिवसांतली ही खरेदी.

आता थोडी कडू गोष्ट. जुन्या पैठण्यांत जर खऱ्या सोन्या-चांदीची असे. घरात ती कोणाच्या लग्नातली, कोणी नेसलेली, हे सांगणारे माणूस उरले नाही, की पैठणी जर घेणाऱ्याकडे जाई. तो रेशीम जाळी आणि राखेतला धातू वजनावर घेई. अशा किती पैठण्या गेल्या असतील! स्वाक्षरीच्या वह्यांत तर धातूही नसतो. त्या रद्दीत किलोच्या भावाने जातात.

येवल्याहून नाशिक ८०-८५ किलोमीटर. तेथे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने झाले आहेत. आजची पोरे मोबाईलवर फोटो काढून मोकळी होतात, त्यांनाही दोष नाही. पण कोणी वही घेऊन गेलाच आणि सही मिळालीच, तर घरी आल्यावर पानाच्या मागे सामना, तारीख आणि सही कशी मिळाली ते दोन ओळींत लिहून ठेवावे. पेनाने नको, शाई पलीकडे उमटते. शिसपेन्सिलीने लिहावे, आणि वही उन्हात ठेवू नये.