रस्ता आणि कायदा – लेखांक 6 : घरी आलेला ई-मेमो

सिग्नलवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. जीजे-06 ने सुरू होणारा तो नंबर आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याच्या नावावर असेल, त्याच्या मोबाइलवर किंवा पत्त्यावर ई-मेमो जातो. गाडी त्या वेळी मुलगा चालवत होता, मेहुणा घेऊन गेला होता, की ती केव्हाच विकून झाली होती, यातलं काहीच यंत्राला ठाऊक नसतं. वडोदऱ्यातले वाचक मेमोबद्दल जे विचारतात त्यातलं बहुतेक इथूनच सुरू होतं. म्हणून गेल्या आठवड्यातला विम्याचा धागा थांबवून आजचा लेखांक मेमोलाच देतो.

मेमो हा आरोप असतो. मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या अमुक कलमाचा तुमच्या गाडीकडून भंग झाला, असं पोलिसांचं म्हणणं त्यात असतं. त्यावर छापलेली रक्कम भरली की कलम 200 प्रमाणे गुन्ह्याची तडजोड होते आणि प्रकरण तिथेच मिटतं. म्हणजे भरणं हा एक मार्ग आहे. आरोप मान्य नसेल तर कोर्टापुढे तसं सांगणं हा दुसरा. मेमो कपाटात ठेवून विसरणं हा मार्ग नाही, पण बहुतेक घरांत तेच होतं.

मेमोवरची रक्कम आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीतली रक्कम जुळत नाही, याचं कारण 2019 मध्ये आहे. त्या वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला आणि 1 सप्टेंबरपासून दंड कितीतरी पटींनी वाढले. गुजरातमध्ये लगेच नाराजी उसळली. तेव्हाचे मुख्यमंत्री विजय रूपाणी यांनी 10 सप्टेंबरला राज्याचे कमी केलेले दर जाहीर केले आणि ते 16 सप्टेंबरपासून लागू झाले. केंद्राच्या कायद्यात हेल्मेट नसल्यास 1,000 रुपये, गुजरातमध्ये 500. लायसन नसताना गाडी चालवल्यास केंद्राचे 5,000, गुजरातमध्ये दुचाकीला 2,000 आणि इतर गाड्यांना 3,000. दुचाकीवर तिघे बसल्यास 1,000 च्या जागी फक्त 100. तडजोडीची रक्कम ठरवण्याचा अधिकार कलम 200 ने राज्याला दिला आहे आणि रूपाणी सरकारने तोच वापरला. पण ही सवलत तडजोडीपुरती असते. प्रकरण कोर्टात जाऊन गुन्हा शाबित झाला, तर मॅजिस्ट्रेटसमोर मूळ कायद्यातला दंड असतो, राज्याचा कमी केलेला दर नव्हे. मेमोला आव्हान द्यायचं की नाही, हे ठरवताना हा फरक आधी लक्षात घ्यावा.

याच 2019 मधली आणखी एक गोष्ट आजही गैरसमज पसरवते. डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने शहरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केल्याची घोषणा केली होती. ती कायद्यापुढे टिकणारी नव्हती, आणि हेल्मेटची सक्ती कायम आहे. कलम 129 चालवणाऱ्यालाही लागू आहे आणि मागे बसणाऱ्यालाही. रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत तर जायचंय, त्यासाठी हेल्मेट कशाला, हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की एकदा स्पष्टच लिहितो: अंतराची सूट कायद्यात कुठेही नाही.

आता मेमो वाचायचा कसा ते पाहू. आपल्या शहरातल्या कॅमेऱ्यांची चित्रं नियंत्रण कक्षात जातात. राज्याच्या 'विश्वास' प्रकल्पात जिल्ह्याजिल्ह्यांत 'नेत्रम' नावाची केंद्रं झाली आहेत, आणि महापालिकेचं स्वतःचं केंद्र बदामडी बागेत आहे. नंबर वाचतं यंत्र, म्हणून चूक होऊ शकते. मळलेल्या प्लेटवरचा 8 हा 3 दिसतो, आणि एखादा भामटा दुसऱ्याचा नंबर आपल्या गाडीला लावूनही फिरतो. म्हणून मेमोसोबतचा फोटो उघडून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. फोटोतली गाडी आपलीच आहे का, रंग आणि मॉडेल जुळतं का, तारीख, वेळ आणि जागा काय आहे, कलम कोणतं लावलं आहे, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये आणलेल्या नियम 167-अ मध्ये या यंत्रांवरही बंधनं घातली: त्यांना मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, ते दर वर्षी नवं करून घ्यायला हवं, कॅमेरा असल्याची पाटी चालकाला दिसायला हवी, आणि घटनेची नोटीस 15 दिवसांत निघायला हवी. गाडी आपली नसेल तर वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार द्यावी, आर.सी. बुकाची प्रत आणि आपल्या गाडीचा फोटो जोडावा आणि पोच घ्यावी. तोंडी बोलणं झालं, साहेब 'बघतो' म्हणाले, असं सांगणाऱ्यांच्या हाती पुढे काहीही उरत नाही.

गाडी आपलीच होती, पण दुसरा कोणी चालवत होता, तर? कलम 133 प्रमाणे पोलिसांनी विचारल्यास चालकाचं नाव, पत्ता आणि लायसनची माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. पुतण्याचं नाव सांगायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण 'मला माहीत नाही' म्हणण्याची मुभा मालकाला नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती विकलेल्या गाड्यांची. दांडिया बाजार, बाबाजीपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांत वडिलांची स्कूटर ओळखीच्या मेकॅनिकला देऊन टाकणं ही सर्रास रीत आहे. रोख पैसे घेतले, आर.सी. बुक दिलं, फार तर साध्या कागदावर सही केली. त्या दिवसापासून स्कूटर कुणाची? आर.टी.ओ.च्या दप्तरात ती अजून वडिलांचीच असते. कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत फॉर्म 29 भरून कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत फॉर्म 30 ने नाव चढवून घ्यायचं असतं. घेणारा टाळाटाळ करतो, कारण त्याला पुढे विकायची असते. मग मेमो येत राहतात वडिलांच्या नावावर.

मेमो ही त्यातली छोटी गोष्ट झाली. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये दिलेल्या एका निकालात मूळ मालकाने अपघाताच्या कितीतरी आधी गाडी विकलेली होती आणि ती अनेकांच्या हाती फिरली होती. तरीही नोंदीत नाव ज्याचं, तोच मालक, असं म्हणून नुकसानभरपाईची जबाबदारी त्या पहिल्या माणसावर ठेवली गेली. मेकॅनिककडे दिलेल्या स्कूटरने विम्याशिवाय कुणाला उडवलं, तर लाखांची भरपाई कुणाच्या दारी येईल ते यावरून समजावं. विकलेल्या गाडीचं नाव बदललं की नाही, हे आजच परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा. मालक वारले असतील तर वारसाने 30 दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. घराच्या सात-बाराइतकंच लक्ष या कागदाकडेही द्यायला हवं.

पुण्या-मुंबईला, नाशिकला जाणं आपल्याकडे वर्षभर चालू असतं. जीजे-06 च्या गाडीला महाराष्ट्रातून आलेला मेमो इथल्या पोलिसांकडून रद्द होत नाही. त्याचे दर महाराष्ट्राचे आणि तक्रारही तिकडेच, महाट्रॅफिक ॲपवर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 पासून कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणा चालू आहे. सपाटीला कारची मर्यादा 100 आणि बोरघाटात 60 आहे. उतारावर 60 केव्हा ओलांडले जातात ते कळतही नाही, त्यामुळे घाटात मेमो सहज लागू शकतो.

मेमो भरला नाही तर काय होतं? गुजरातमध्ये ठरलेली मुदत टळली की प्रकरण व्हर्च्युअल ट्रॅफिक कोर्टात जातं. मोबाइलवर संदेश येतो आणि घरबसल्या दोनच पर्याय मिळतात: गुन्हा कबूल करून दंड भरणं किंवा आव्हान देणं. आव्हान दिलं की प्रकरण इथल्या कोर्टात येतं. कोर्ट म्हटलं की जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे सूरसागराजवळचं, 1896 मध्ये सयाजीरावांच्या काळात उभं राहिलेलं न्यायमंदिर येतं. पण 2018 पासून कोर्टं दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत आहेत, तेव्हा समन्स आलं तर तिकडे जा. थकलेले मेमो राष्ट्रीय लोकअदालतीतही घेतले जातात आणि तिथे वकिलाची गरज पडत नाही.

मात्र 'तुमचं चलन बाकी आहे, ही फाइल उघडा' असं सांगणारा व्हॉट्सॲप संदेश आला तर हात आखडता घ्या. त्या फाइलीत मोबाइलमधले बँकेचे संदेश चोरणारं ॲप असतं. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट इन' ने संपतो. संदेशातली लिंक न दाबता तो पत्ता आपण स्वतः टाइप करून चलन शोधावं. घरातल्या आजीआजोबांना हे बसवून समजावून सांगा. मेमो या शब्दाने ती माणसं घाबरतात, आणि भामट्यांना नेमकं तेच हवं असतं.

रस्त्यावर पोलिसांनी अडवलं तर गणवेशातला पोलीस कागद मागू शकतो आणि ते दाखवणं आपलं कर्तव्य आहे. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधली लायसन, आर.सी. मूळ कागदासारखीच चालते. गॅलरीतला फोटो चालत नाही. लायसन जप्त केलं तर त्याची पोच द्यावी लागते आणि त्या पोचीवर गाडी चालवता येते. लायसनशिवाय, अल्पवयीन चालकाकडून किंवा नोंदणीशिवाय चालणारी गाडी कलम 207 प्रमाणे अडकवून ठेवता येते. किल्ली काढून घ्यावी असं मात्र कायद्यात कुठे लिहिलेलं नाही.

काही गुन्ह्यांना तडजोडच नाही. कलम 184 म्हणजे धोकादायक रीतीने गाडी चालवणं. त्यात सिग्नल तोडणं येतं, उलट्या दिशेने येणंही येतं. हातात मोबाइल धरून बोलण्यापुरतीच त्यात तडजोड आहे, बाकीच्यासाठी कोर्ट. कलम 185 मध्ये 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. गुजरातेत त्यावर दारूबंदी कायद्याचा गुन्हा वेगळा लागतो. गांजासारख्या अमली पदार्थाच्या अंमलाखाली गाडी चालवणंही याच कलमात येतं. आणि माणूस दगावला की भारतीय न्याय संहिता लागते: निष्काळजीपणासाठी कलम 106, त्याहून गंभीर वाटलं तर सदोष मनुष्यवधाचं कलम 105. 13 मार्च 2025 रोजी, होळीच्या रात्री कारेलीबागेत एका कारने दुचाकीस्वारांना उडवलं, एक स्त्री जागीच गेली आणि अनेक जण जखमी झाले. त्या प्रकरणात पोलिसांनी 105 लावलं.

कारेलीबागेनंतर आठवडाभर घराघरांत त्यावरच बोलणं चालू होतं. पण त्याच घरांतली अकरावीतली मुलं ट्यूशनला ॲक्टिवावर जात होती, आणि अजून जातात. कलम 199-अ त्यांच्या आईवडिलांनी एकदा शांतपणे वाचावं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत लायसन नाही. मला माहीत नव्हतं किंवा मी परवानगी दिली नव्हती, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकांवरच. या कलमातल्या गुन्ह्याला तडजोड नाही. कायदा 16 व्या वर्षी फक्त 50 सी.सी.पर्यंतची दुचाकी चालवू देतो, तीही लायसन काढून. ॲक्टिवा 100 सी.सी.च्या वरची आहे. मुलाला काहीतरी द्यायचंच असेल तर सायकल द्या, किंवा 250 वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीची दुचाकी द्या. ती ठरलेल्या वजनात बसत असेल तर मोटार वाहनच ठरत नाही आणि तिला लायसन लागत नाही. विकत घेताना दुकानदाराच्या बोलण्यावर न जाता या अटी पाळणारं मंजुरीचं प्रमाणपत्र मागून घ्या.