पातळ थरांचा हिशेब

साठ सेलचं सौर पॅनल साधारण 1.6 मीटर लांब, 1 मीटर रुंद. वर 3.2 मिलिमीटरची काच, मग अर्धा मिलिमीटरही नसलेला ईव्हीए या चिकट प्लास्टिकचा थर, त्याखाली जेमतेम 0.18 मिलिमीटरचे सिलिकॉनचे सेल, पुन्हा ईव्हीए आणि तळाला बॅकशीट. ते उन्हात किती तापेल हे संगणकावर काढायचं, तर या सगळ्याचे लहान तुकडे पाडावे लागतात. यालाच मेश करणं म्हणतात.

हुबळीत विद्यानगरला मुलांसोबत हे काम करताना मी आधी माऊस बाजूला ठेवायला सांगतो. नवा मुलगा हमखास सिलिकॉनच्या जाडीएवढे घन पाडायला निघतो. कागदावर गुणाकार केला की कळतं: त्या एकाच थराचे जवळजवळ 5 कोटी तुकडे. "सर, मशीन बसेल की!" बसेलच. आणि हाती काहीच येणार नाही.

कारण उष्णतेला जाडीतून जाताना सिलिकॉन अडवतच नाही. चौरस मीटरला 400 वॅट वर निघाले, तर काचेत सव्वा अंशाचा फरक पडतो. सिलिकॉनमध्ये अंशाचा हजारावा भागही नाही. म्हणून त्याला शेल करायचं: चित्रात नुसता पृष्ठभाग, जाडी फक्त आकडा म्हणून द्यायची. पण थर गाळून टाकायचा नाही, यावर मी हटून बसतो. काचेहून अठरा पट पातळ असूनही हा थर आडवी उष्णता काचेच्या आठपट वाहून नेतो. एका सेलवर सावली पडून तो तापला, तर डाग किती पसरेल हे तोच ठरवतो. सेलच्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटींपाशी मात्र मेश बारीक हवा. तिथे ही वाट तुटते.

वाचलेले तुकडे हवेत खर्च करावेत. उष्णतेची खरी अडवणूक काचेला चिकटलेल्या काही मिलिमीटर हवेत होते, काचेच्या कितीतरी पट. घाटाकडून हुबळी-धारवाडवर येणारा पश्चिमेचा वारा याच पापुद्र्याला पातळ करतो. तिथला पहिला थर मिलिमीटरच्या दशांशाएवढा, पुढचे प्रत्येकी सुमारे 1.2 पट जाड. पॅनलच्या पाठीलाही तसेच. मग तुकडे दुप्पट करून सेलचं तापमान हलतं का पाहायचं. हा खटाटोप लागतोच, कारण 25 अंशांच्या वर दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वीज घटते. 60 अंशांवर 14 टक्के गेलीच.

शेवटी गच्चीवरच्या पॅनलला पाठीमागून थर्मोकपल चिकटवून ताळा घ्यायचा. मोकळ्या स्टँडवर भर उन्हात आतला सेल त्या आकड्याहून दोन-तीन अंश जास्त गरम असतो. तेवढे मिळवूनच तुलना करायची.