पैलवानाची अयादत

नसरापूर सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की मार्गासनी येतं. राजगडाला गुंजवण्याच्या बाजूनं जाणारे इथूनच वळतात. या मावळपट्ट्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा आखाडा आलाच. जिंकला त्याला खांद्यावर घेतात. ज्याचा गुडघा फिरला त्याला दोघं धरून कडेला बसवतात आणि हलगी पुन्हा सुरू होते.

खरी कुस्ती त्यानंतर असते, घरात. खुराक तुटतो, तालीम सुटते आणि पारावर कुणीतरी विचारतं, "काय पैलवान, सोडली का?" गुडघ्यापेक्षा हे जास्त दुखतं.

रमजानच्या निमित्तानं एक शब्द आठवतो, अयादत. म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणं. हदीसमध्ये हा आजाऱ्याचा हक्कच मानला आहे, भेटणाऱ्याचे उपकार नव्हेत. थोडा वेळ बसावं, धीर द्यावा, निघावं. आजाऱ्याला रोजाची सूट कुराणानंच दिली आहे. राहिलेले रोजे बरं झाल्यावर पूर्ण करायचे. रोजा सुटला म्हणून इफ्तारच्या दस्तरखानावरून त्याला कुणी उठवत नाही.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले आणि दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे गुडघ्याच्या दुखापतीनं त्यांचं १९५६चं मेलबर्न हुकलं. बैलगाड्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, गुडघ्याची फार थोड्यांना.

दुखापत निदान दिसते. मनाचा थकवा दिसत नाही, म्हणून तो नखरा ठरतो. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनं २०२१ मध्ये टोकियोत सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली, तेव्हा तिलाही बोल लागले. पण संघातल्या मुलींनी तिला एकटं पाडलं नाही. २०२४ला पॅरिसमध्ये तिनं तीन सुवर्णपदकं मिळवली.

गावात एवढं नक्की होऊ शकतं : पुण्याला फिजिओथेरपीला जाताना कुणीतरी गाडीवर सोबत जावं. वस्तादांनी त्याला संध्याकाळी तालमीत बोलवावं, लहान पोरांचे डाव बघायला बसवावं. जत्रेत पंच म्हणून उभं करावं. आणि "परत कधी खेळणार?" हा प्रश्न डॉक्टरांवर सोडून द्यावा.