वहीतला भाव उतरतो तेव्हा
(शेअर समजून घेताना : भाग ९)

मागच्या भागानंतर देवणीतल्या एका वाचकाने विचारलं, “कंपनीने दुसऱ्या कंपनीतली गुंतवणूक ‘राइट-डाऊन’ केली म्हणतात. म्हणजे पैसे गेले का?”

पैसे आधीच गेलेले असतात. ऑगस्ट २०२१मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला १० हजारांवर गेलं होतं. तो भाव पुन्हा येईल म्हणून पुढे कितीतरी घरांनी पोत्यांची थप्पी तशीच ठेवली. थप्पीकडे पाहताना मनात दहाच हजार; २०२४च्या सुरुवातीला अडत्याची पट्टी मात्र साडेचार हजारांच्या आसपास. ज्या दिवशी कारभारी वहीत दहा खोडून साडेचार लिहितो, त्या दिवशी घरातून रुपयाही बाहेर पडत नाही. राइट-डाऊन म्हणजे ही खाडाखोड.

पण सोयाबीनचा भाव रोज निघतो. प्रत्येक शेअरचा निघत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे.

नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजचं उदाहरण घ्या. झोमॅटोत तिचा मोठा हिस्सा होता. जुलै २०२१मध्ये ७६ रुपयांना विकलेला झोमॅटोचा शेअर वर्षभरात चाळिशीच्या घरात आला. ही घसरण रोज पडद्यावर दिसत होती. ती हिशेबात उतरली तेव्हा गुंतवणूकदाराला नवं काही कळलं नाही. याच कंपनीने मुंबईच्या फोर-बी नेटवर्क्समध्येही पैसे घातले होते. त्या शेअरला बाजारच नव्हता. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२२च्या तिमाहीत त्यातले सुमारे २७६ कोटी बुडीत धरले गेले, तेव्हा बाहेरच्यांना ते कळलं. जून २०२३मध्ये इन्फो एजने कळवलं की फोर-बीकडे मागितलेली व्यवहारांची माहिती मिळत नाही आणि न्यायवैद्यक लेखापरीक्षण सुरू केलं आहे.

इन्फो एजच्या आकाराला २७६ कोटी जड नव्हते. मला त्या रकमेपेक्षा माहिती न मिळणं जास्त गंभीर वाटतं. जाणता गुंतवणूकदारही तिथेच अडतो: पैसे देताना वही पाहण्याचा हक्क घेतला होता ना? मग तो वेळेत का वापरला नाही? आणि त्याच माणसांनी निवडलेल्या, बाजारात न आलेल्या बाकीच्या हिश्शांवर लिहिलेले भाव कितपत धरायचे?

नेदरलँड्सच्या प्रोसस कंपनीने बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीबाबत हेच भोगलं. २०२२मध्ये २२ अब्ज डॉलरची समजली जाणारी बायजूज प्रोससने २०२३च्या अखेरीस ३ अब्जांच्या आत धरली. २०२४मध्ये आपल्या हिश्शाची किंमत शून्य केली. कारणांत पुरेशी माहिती नसणं हेही होतं.

निकाल हाती आला की मी नफ्याच्या आकड्याआधी खालच्या बारीक टिपा वाचतो. गुंतवणूक कधी केली, शेवटचा भाव कुणी आणि कशावरून लावला, एवढं पेन्सिलीने खुणावतो. त्या टिपा ओळीओळीने कशा वाचायच्या, ते पुढच्या आठवड्यात.