बर्फावरील हॉकीतील वेतन-लवाद : दाद कोणाला मागता येते?

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान येते. उत्तर अमेरिकेत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची. तेथील नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) तरुण खेळाडूचा पहिला करार संपला, म्हणजे तो मोकळा झाला असे नव्हे. संघाने नियमानुसार किमान वेतनाचा प्रस्ताव दिला, की त्याच्यावरील हक्क संघाकडेच राहतो. अशा खेळाडूस ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ म्हणतात. अन्य संघाने त्याला देकार दिलाच, तर तेवढीच रक्कम देऊन मूळ संघ त्याला रोखू शकतो. पूर्ण मुक्तता साधारणतः वयाच्या 27व्या वर्षी किंवा 7 हंगामांनंतर. तोवर वाटाघाटीत संघाचेच पारडे जड असते. ते काहीसे सावरण्याचे साधन म्हणजे वेतन-लवाद.

मात्र लवादाचे दार सर्वांना एकाच वेळी उघडत नाही. पहिला करार करताना खेळाडूचे वय काय होते, यावर ते अवलंबून असते. 18 ते 20 या वयात करार केलेल्यास व्यावसायिक खेळाचा 4 वर्षांचा अनुभव लागतो. 21व्या वर्षी केलेल्यास 3, 22 किंवा 23व्या वर्षी केलेल्यास 2, आणि 24 वा अधिक वयाच्या खेळाडूस केवळ 1 वर्षाचा.

यातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. जो असामान्य गुणवत्तेचा, तो अठराव्या वर्षीच करारबद्ध होतो. त्याचा पहिला करार 3 वर्षांचा असतो आणि लवादाला अनुभव हवा 4 वर्षांचा! म्हणजे ऐन भरात असताना त्याच्या हाती एकच शस्त्र उरते : घरी बसणे. टोरांटोच्या विल्यम निलँडरने 2018 मध्ये तेच केले. 1 डिसेंबरच्या सायंकाळची मुदत टळली असती, तर त्याचा सारा हंगाम वाया जाता. अवघी काही मिनिटे उरली असताना 6 वर्षांचा करार झाला.

ज्यांना दार उघडते, त्यांचीही वाट सुखाची नसते. सुनावणीत समान कामगिरीच्या खेळाडूंचे करार पुढे ठेवले जातात. पूर्णपणे मुक्त खेळाडूंचे करार मात्र पुरावा म्हणून चालत नाहीत. बेसबॉलप्रमाणे दोन आकड्यांपैकी एकच निवडण्याचे बंधन लवादावर नाही, मधला आकडाही तो देऊ शकतो. पण खेळाडूला समोर बसून आपल्याच संघाच्या तोंडून स्वतःचे उणेपण ऐकावे लागते. बोस्टनचा गोलरक्षक जेरेमी स्वेमन याला 2023 मध्ये लवादाने एका वर्षासाठी 34 लाख 75 हजार डॉलर दिले. तरी हा अनुभव आपल्या सहकाऱ्यांच्या वाट्याला येऊ नये, असे त्याने नंतर जाहीरपणे सांगितले. 2024 मध्ये त्याने लवादाकडे जाणे टाळले आणि सराव शिबिरापासून दूर राहून ऑक्टोबरमध्ये 8 वर्षांचा करार मिळवला.

शिवाय खेळाडूने स्वतः दाद मागितली असेल आणि निवाड्याची रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर संघ तो निवाडा नाकारूही शकतो. 2010 मध्ये शिकागोला स्टॅन्ले चषक जिंकून देणारा गोलरक्षक आंटी निएमी याला लवादाने 27 लाख 50 हजार डॉलर मंजूर केले. वेतनमर्यादेच्या कात्रीत सापडलेल्या शिकागोने नकार दिला. निएमी सॅन होजेला गेला.