पहिला पसंतीक्रम कोणाचा?

मे महिना उजाडला की इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावांत व्यापारी घरांना उसंत नसते. खरिपाच्या बी-बियाण्यांची व खतांची आवक सुरू होते, लग्नसराईची उधारी वसूल करावयाची असते, पावसाळ्यापूर्वी गोदाम नीट लावावयाचे असते. नेमक्या याच दिवसांत दहावी-बारावीचे निकाल लागतात आणि प्रवेशअर्जांच्या मुदती धावू लागतात. साहजिकच अर्ज भरण्याचे काम मुलाकडे, त्याच्या मित्राकडे किंवा नेट कॅफे चालविणाऱ्याकडे सोपविले जाते. रोजमेळात दहा रुपयांचा फरक आला तर रात्री अकरापर्यंत जागणारे घर, मुलाच्या चार वर्षांचा व्यवहार मात्र ऐकीव माहितीवर उरकून टाकते.

या परिसराला उच्च शिक्षणाची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. कळसपासून जवळच वसलेल्या वालचंदनगरचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद यांनी महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून व्यवसायात उडी घेतली. पण सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. बारामतीत अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. नंतरच्या काळात विद्या प्रतिष्ठानची महाविद्यालये, माळेगावचे कृषी महाविद्यालय आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी सोय घराजवळच झाली. दार शोधण्याचा प्रश्न आता उरलेला नाही. अनेक दारांपैकी कोणते, हे कोणी आणि केव्हा ठरवावे, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वी ओळखीचे प्राध्यापक किंवा संस्थेचे विश्वस्त यांना भेटून काम होत असे. ते दिवस संपले. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही संपूर्ण राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होऊ लागले. विद्यार्थ्याने किमान एक आणि कमाल दहा महाविद्यालये पसंतीक्रमाने लिहावयाची असतात. पहिल्या क्रमांकावर लिहिलेले महाविद्यालय मिळाले आणि तेथे प्रवेश घेतला नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशातही पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती अंतिम मानली जाते. म्हणजे पहिली ओळ हा केवळ शिष्टाचार नाही. तो सौदा आहे. 'वरचे नाव असेच टाकून पाहू' या वृत्तीने लिहिलेली ओळ मुलाच्या गळ्यात पडू शकते. उलट, 'एवढ्या गुणांना हे कॉलेज मिळणारच नाही' असे समजून मनातील महाविद्यालय खाली ढकलणेही तितकेच चुकीचे, कारण वरचे न मिळाल्यास खालचे आपोआप पाहिले जाते; वर लिहिल्याने नुकसान काहीच होत नाही. गेल्या वर्षी कोणत्या महाविद्यालयात किती गुणांवर प्रवेश थांबला, ते आकडे प्रसिद्ध होतात. बाजारभाव पाहिल्याशिवाय माल न घेणाऱ्यांनी हे आकडेही पाहावेत.

वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्यांची फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. 'कॉमर्सला कसली आली परीक्षा?' हा समज अजून घट्ट आहे. परंतु २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस यांसारख्या अभ्यासक्रमांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा सुरू झाली आहे. तिची नोंदणी बारावीचा निकाल लागण्याच्या बरीच आधी होते. निकालानंतर चौकशीला निघालेल्या घराला त्या जागा दूरच दिसतात. बी.कॉम.चा मार्ग मोकळा आहे आणि सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यास बी.कॉम.सोबत फाउंडेशनची तयारीही करता येते. आर्टिकलशिपची मुदतही आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. विज्ञान शाखेत एमएचटी-सीईटीचे स्वरूप निश्चित आहे. तिच्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे वीस टक्के भार असतो, म्हणून अकरावी हे विश्रांतीचे वर्ष समजणारा तेथेच मागे पडतो.

कागदपत्रांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण समाजातील कुटुंबांचा पाय अनेकदा येथेच अडतो. जैन समाजास केंद्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. अल्पसंख्याक संस्थांतील राखीव जागांचा लाभ घ्यावयाचा तर धर्माचा पुरावा लागतो आणि तो प्रामुख्याने शाळेच्या दाखल्यावरून पाहिला जातो. कित्येक दाखल्यांवर मात्र नुसते 'हिंदू' लिहिलेले असते. पहिलीत नाव घालताना कोणी लक्षच दिलेले नसते. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा प्रयत्न करता येतो. दाखला हाती पडल्यानंतर तेच काम फार जिकिरीचे होते. आठवीतल्या मुलाच्या पालकांनीही आजच शाळेत जाऊन ही नोंद पाहून यावी.

दुसरा कागद उत्पन्नाचा. खुल्या प्रवर्गातील ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मिळू शकते. येथे व्यापारी माणूस उलाढाल आणि उत्पन्न यांची गल्लत करतो. चाळीस लाखांची विक्री असलेल्या किराणा दुकानाचे निव्वळ उत्पन्न चार लाखही नसेल. विवरणपत्र पाहिल्यावरच ते कळते. २०२४-२५ पासून राज्य शासनाने या घटकातील, तसेच इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. घाईघाईने व्यवस्थापन कोट्यातील जागा घेणाऱ्या घराला हा लाभ मिळत नाही. 'मुलीला जवळच बी.ए. करू द्या, खर्च परवडत नाही' असे म्हणण्यापूर्वी एवढी चौकशी तरी व्हावी.

आता कर्जाचा हिशेब. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बहुधा तारण लागत नाही आणि हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षाने सुरू होतात. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाख उचलले आणि व्याजदर दहा टक्के आहे. हप्ते सुरू होईपर्यंतचे सरळ व्याजच २ लाख १० हजार होते. ते भरले नाही तर ८ लाख १० हजारांवर दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे १०,७०० रुपये पडतो. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास तो सुमारे ७,९०० रुपयांवर येतो. दुकानाच्या गल्ल्यातून दरमहा थोडे व्याज भरणे बहुतेकांना जमण्यासारखे असते, फक्त कोणी आकडे मांडून दाखवीत नाही.

राहण्या-जेवण्याचा प्रश्नही निवडीतच मोजला पाहिजे. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि कंदमूळवर्ज्य आहार पाळणाऱ्या मुलाला सर्वसाधारण मेसमध्ये चार वर्षे काढणे सोपे नाही. म्हणूनच पूर्वजांनी वसतिगृहे उभारली. वालचंदशेठांच्या पित्याच्या नावाने पुण्यात चालणाऱ्या हिराचंद नेमचंद जैन बोर्डिंगच्या जागेच्या विक्रीचा व्यवहार २०२५ मध्ये पुढे आला, तेव्हा समाजातून तीव्र विरोध झाला आणि अखेर तो व्यवहार रद्द झाला. श्री महावीर जैन विद्यालयासारख्या संस्थांची वसतिगृहेही आहेत. मात्र वसतिगृहाचा अर्ज महाविद्यालयाच्या अर्जाहून वेगळा असतो, हे प्रवेश झाल्यावर आठवून उपयोग नसतो.

एवढे सारे जुळले तरी एक गोष्ट बहुतेक घरांत बोललीच जात नाही. दुकान पुढे कोण पाहणार? वडील ते विचारत नाहीत, मुलगा सांगत नाही. मग अर्जावरील पहिली ओळ काकांच्या सल्ल्याने, शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून लिहिली जाते. कृषी पदवी घेऊन त्याच दुकानात नव्या पद्धतीने बसण्याची एखाद्याची इच्छा असते. कोणाला दुकानाशी काही देणेघेणे नसते. आणि एखादी मुलगीच हिशेबात भावापेक्षा तरबेज निघते. यांतले काहीही असले तरी ते मे महिन्यात, मुदतीच्या शेवटच्या रात्री कळू नये.

दिवाळीत चोपडापूजन होते, त्या वेळी प्रवेशाला सहा-सात महिने बाकी असतात. नव्या वहीच्या शेवटच्या पानावर मुलाने किंवा मुलीने आपल्या हाताने दहा नावे क्रमाने लिहावीत. वडिलांनी प्रत्येक नावासमोर शुल्क, राहण्याचा खर्च आणि गेल्या वर्षीचे गुण भरावेत; क्रम मात्र बदलू नये. मे महिन्यात नेट कॅफेत जाताना तेच पान बरोबर न्यावे.