जॉबशीट ठेवली का?

सकाळी ८. पहिला फोन. "ताई, फ्रिज परत थंड होत नाहीये, आणि पुढच्या आठवड्यात वॉरंटी संपतेय." मेकॅनिक दोनदा येऊन गेला. जॉबशीट? दिली नाही, ओटीपी मागितला, तो यांनी देऊन टाकला. म्हणजे कंपनीच्या दप्तरी दोन्ही तक्रारी निकाली! आजच ईमेल करायला सांगते: सिरियल नंबर, खरेदीची तारीख, केव्हा काय बिघडलं. आणि यंत्र नीट चालल्याखेरीज ओटीपी द्यायचा नाही. वॉरंटी चालू असताना लेखी तक्रार गेलेली असली, की पुढचं भांडण निम्मं सोपं होतं.

१०.३०. जिल्हा ग्राहक आयोग. एसीच्या प्रकरणात कंपनीच्या वकिलांना कैफियतीसाठी आणखी तारीख हवीय. कायद्यात ३० दिवस, आयोगाने दिलेच तर वर १५. त्यापुढे मुदत नाही, हे घटनापीठाने २०२० मध्येच ठरवलंय. अर्ज नामंजूर.

१२. वॉशिंग मशीनचा युक्तिवाद. तीन जॉबशीट पुढे ठेवते. पहिलीवर पेनाने लिहिलंय, 'पीसीबी बदलला'. दुसरीवर तेच. वॉरंटी संपल्यानंतरच्या तिसरीवर मात्र 'ग्राहकाचा चुकीचा वापर'. अक्षर तिन्हींवर एकाच माणसाचं. सदस्य कागद शेजारी शेजारी लावून बघतात. सामनेवाल्यांचं म्हणणं, तज्ज्ञाचा अहवाल कुठाय? तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवायची तरतूद आहे, हे खरं. पण त्याची फी आधी तक्रारदाराने भरायची. हे मला मुळीच पटत नाही. पैशापायी किती जण इथेच माघार घेतात. आणि एकच भाग वॉरंटीत दोनदा बदलावा लागला, याहून वेगळा पुरावा कशाला हवा? प्रकरण निकालासाठी ठेवलं.

३. ऑफिस. एक शेतकरी इन्व्हर्टरची बॅटरी पिशवीत घालूनच घेऊन आलेत. दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते दुकानदाराला. दोघांनाही सामनेवाले करू. वस्तू पाच लाखांच्या आतली, म्हणून तक्रारीला फी नाही. आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपल्याच जिल्ह्यात दाखल करता येते. बिल थर्मल कागदावरचं, अक्षरं उडत चाललीत. आधी झेरॉक्स.

६. जुन्या निकालातले पैसे कंपनीने अजून दिलेले नाहीत. कलम ७२ खाली दरखास्त टाइप करते: एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५ हजार दंड, किंवा दोन्ही. तक्रारदार आजोबांना उद्या सहीला बोलावलंय.